वाचकांचे प्रश्न : ज्यू इतिहासाचे संग्रहालय राष्ट्राच्या हवाली करताना

गेल्या अंकात फिलाडेल्फिया येथील 'वाइट्झमन राष्ट्रीय अमेरिकी ज्यू इतिहास संग्रहालया'विषयी एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. हे खासगी संग्रहालय स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालय-संस्थेत समाविष्ट करता येईल का, याचा अभ्यास करणारा आयोग नेमण्याचा कायदा तेथील संसदेने २०२४ च्या अखेरीस केला, एवढीच माहिती त्यात होती. त्यावर गोव्यातून आलेली पत्रे मात्र बरीच लांब आणि बरीच नेमकी आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून आणि पत्रलेखकांची नावे न देता येथे उत्तरे देत आहे.

ज्या संग्रहालयाच्या नावातच 'राष्ट्रीय' आहे ते खासगी कसे काय? आणि स्वतःची इमारत व स्वतःचा संग्रह असताना त्याला सरकारच्या दारी जाण्याची गरज का भासावी? — निवृत्त मुख्याध्यापक, फोंडा

नावात 'राष्ट्रीय' असणे आणि मालकी राष्ट्राची असणे या अमेरिकेत दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. हे संग्रहालय १९७६ साली, म्हणजे अमेरिकी स्वातंत्र्याच्या द्विशताब्दी वर्षात, फिलाडेल्फियातील मिक्वे इस्रायल या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिराच्या, वास्तूत सुरू झाले. त्या सिनेगॉगचा उपासकवर्ग १७४० पासूनचा, त्यामुळे जागेची निवड सयुक्तिकच होती. पुढे २०१० साली जेम्स पोल्शेक या वास्तुविशारदाने आखलेली नवी इमारत इंडिपेंडन्स मॉलवर उभी राहिली. स्वातंत्र्याचा जाहीरनामा जेथे संमत झाला ती वास्तू तेथून हाकेच्या अंतरावर आहे. आयर्विंग बर्लिन या गीतकाराचा पियानो, स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा पहिला कॅमेरा अशा वस्तू तेथे मांडल्या गेल्या. न्यूपोर्टच्या ज्यू समाजाला जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९० साली लिहिलेले, धर्मस्वातंत्र्याची ग्वाही देणारे मूळ पत्रही २०१२ साली येथे प्रदर्शित झाले होते.

इमारतीसाठी सुमारे १५ कोटी डॉलर खर्च आला आणि त्यातील काही भाग कर्जरोख्यांतून उभा केलेला होता. संग्रहालयाचा दैनंदिन खर्च तेव्हा तिकीट, देणग्या आणि सभागृहाचे भाडे यांवर चालत असे, कर्जाचे हप्ते मात्र प्रेक्षक आले किंवा न आले तरी चुकत नसत. मार्च २०२० मध्ये, साथीमुळे दारे बंद होण्याच्या तोंडावरच, सुमारे ३ कोटी डॉलरच्या कर्जापायी संस्थेने दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायालयाकडे संरक्षण मागितले. पुढच्या वर्षी स्टुअर्ट वाइट्झमन या पादत्राणांच्या प्रसिद्ध रचनाकाराने मोठी देणगी दिली, इमारत संस्थेच्या मालकीची झाली आणि संग्रहालयाला त्यांचे नाव मिळाले.

संस्था तरली हे खरे, तरी एका दात्याच्या औदार्यावर तरलेल्या संस्थेला पुढच्या संकटाची धास्ती असणारच. स्मिथसोनियनमध्ये जाण्याचे मुख्य आकर्षण हेच आहे. जेम्स स्मिथसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने, ज्याने अमेरिकेत कधी पाऊलही ठेवले नव्हते, आपली संपत्ती ज्ञानवृद्धीसाठी अमेरिकेला दिली आणि त्यातून १८४६ च्या कायद्याने ही संस्था जन्मली. आज तिच्याकडे २१ संग्रहालये आणि एक प्राणिसंग्रहालय आहे. खर्चाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग संघराज्याच्या तिजोरीतून येतो. कारभार १७ सदस्यांच्या रीजंट मंडळाकडे असतो. त्यात सरन्यायाधीश, उपराष्ट्राध्यक्ष, सिनेटचे तीन व प्रतिनिधिगृहाचे तीन सदस्य आणि नऊ नागरिक असतात. म्हणजे पैसा सरकारचा असला, तरी हे एखाद्या मंत्र्याच्या हाताखालचे खाते नाही, ही गोष्ट पुढच्या प्रश्नांसाठी लक्षात ठेवावी.

आणि एक खुलासा. २०२४ च्या कायद्याने हस्तांतरण झालेले नाही. दोन्ही पक्षांच्या संसदीय नेत्यांनी नेमलेल्या सदस्यांच्या आयोगाने हस्तांतरण व्यवहार्य आणि इष्ट आहे का, हे तपासायचे, आणि त्यानंतर संसदेला वाटले तर ती वेगळा कायदा करील. ही सावध चाल तेथे नवी नाही. आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाच्या संग्रहालयासाठीही आधी आयोग, मग २००३ चा कायदा आणि प्रत्यक्ष उद्घाटन २०१६ साली, असा क्रम झाला. लॅटिनो समाजाच्या आणि स्त्रियांच्या इतिहासाच्या संग्रहालयांना २०२० च्या डिसेंबरात मंजुरी मिळाली, तेव्हा कायदा झाल्याबरोबर फीत कापली जाईल असे कोणी समजू नये.

एकदा राष्ट्रीय झाले की वस्तू राजधानीत जातात, हा आपला अनुभव आहे. फिलाडेल्फियाकरांना ती भीती वाटत नाही का? — एक वाचक, मडगाव

वाटायला हवी, आणि ती मिटवण्याचा मार्गही अमेरिकेत पूर्वी सापडलेला आहे. जॉर्ज हाय या संग्राहकाने न्यूयॉर्कमध्ये उभारलेले मूलनिवासींचे खासगी संग्रहालय ऐंशीच्या दशकात पैशाअभावी डबघाईला आले. सुमारे ८ लाख वस्तू, अपुरी जागा आणि बेताचे प्रेक्षक अशी त्याची अवस्था होती. स्मिथसोनियनला संग्रह हवा होता, न्यूयॉर्कला तो शहराबाहेर जाऊ द्यायचा नव्हता, आणि मधल्या काळात तो टेक्सासला नेण्याचा प्रस्तावही आला. शेवटी १९८९ च्या कायद्यात तिन्ही गोष्टी लिहूनच टाकल्या : वॉशिंग्टनला नवे संग्रहालय, मेरीलँडमध्ये वस्तू जतन करण्याचे केंद्र आणि न्यूयॉर्कच्या जुन्या कस्टम हाउसमध्ये कायमस्वरूपी प्रदर्शन. न्यूयॉर्कची शाखा १९९४ साली उघडलीसुद्धा, वॉशिंग्टनची इमारत मात्र २००४ उजाडेपर्यंत झाली नव्हती.

या कायद्यातील आणखी एक कलम मला अधिक महत्त्वाचे वाटते. स्मिथसोनियनच्या ताब्यातील मूलनिवासींच्या पूर्वजांचे अवशेष आणि अंत्यविधीच्या वस्तू त्या त्या समाजाला परत करण्याची तरतूद त्यात केली गेली. ज्या समाजाचा इतिहास मांडायचा त्या समाजाचे हक्क विलीनीकरणाच्या वेळीच कायद्यात लिहिले गेले. विलीनीकरण उरकल्यावर असे हक्क मागायला गेलेल्यांच्या पदरी सहसा आश्वासने पडतात.

आपल्याकडे याचे जवळचे उदाहरण हैदराबादचे सालारजंग संग्रहालय आहे. तिसरे सालारजंग, निजामाचे एकेकाळचे दिवाण, १९४९ साली निपुत्रिक वारले, १९५१ साली त्यांच्याच दिवाण देवडी या वाड्यात संग्रह लोकांना खुला झाला आणि १९६१ साली संसदेने कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून घोषित केले. संग्रह दिल्लीला गेला नाही. मंडळाचे अध्यक्षपद राज्यपालांकडे असते, केंद्र, राज्य व उस्मानिया विद्यापीठ यांचे प्रतिनिधी तेथे बसतात आणि सालारजंग घराण्यातील एका सदस्यालाही स्थान आहे.

विलीन न होताही संबंध जोडता येतो. १९९६ पासून स्मिथसोनियन 'संलग्न संस्था' अशी एक योजना चालवते, जिच्यात मालकी व कारभार मूळ संस्थेकडेच राहतो आणि वस्तू, फिरती प्रदर्शने व तज्ज्ञांचा सल्ला मिळतो. वाइट्झमन संग्रहालय आजही असे संलग्न आहेच. त्यामुळे आयोगापुढचा खरा प्रश्न, संलग्नतेतून जे मिळत नाही ते मिळवण्यासाठी मालकी सोडावी का, असा आहे.

सरकारने ताबा घेतल्यावर अल्पसंख्य समाजाचा इतिहास त्या समाजाच्या तोंडून सांगितला जाईल, की सत्ताधाऱ्यांच्या? — महाविद्यालयीन प्राध्यापिका, म्हापसा

या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नाही, आणि जे देतात त्यांनी प्राग पाहिलेले नसावे. तेथील ज्यू संग्रहालय १९०६ साली स्थापन झाले, कारण शहराच्या पुनर्रचनेत ज्यू वस्तीतील जुनी सिनेगॉग पाडली जात होती आणि त्यांतील वस्तू कोठेतरी ठेवणे भाग होते. नाझी ताब्यात १९४२ नंतर तेथे बोहेमिया व मोराव्हिया या चेक प्रांतांतील, छळछावण्यांकडे पाठवल्या गेलेल्या समाजांची धार्मिक सामग्री गोळा झाली. युद्धानंतर समाज फारच थोडा उरला आणि वस्तू मात्र अफाट झाल्या, अशा स्थितीत १९५० साली चेकोस्लोव्हाक शासनाने संग्रहालय ताब्यात घेतले. कागदोपत्री हे अगदी रास्त दिसते, कारण सांभाळणारी माणसेच शिल्लक नव्हती.

पुढे काय झाले ते दोन गोष्टींवरून कळते. पिंकास सिनेगॉगच्या आतल्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातील सुमारे ८० हजार ज्यूंची नावे, गावे आणि तारखा हाताने लिहिलेल्या होत्या. आडव्या ओळींत, गावागावांनुसार, सलग. हे स्मारक १९६० साली लोकांना खुले झाले आणि १९६८ साली ओल भिंतींत चढल्याचे कारण देऊन बंद केले गेले. राजवट कोसळेपर्यंत ते बंदच राहिले, मधल्या काळात नावेही गेली, आणि नव्वदच्या दशकात ती सगळी पुन्हा लिहावी लागली. दुसरी गोष्ट तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, हस्तलिखित गुंडाळ्यांची. अशा १५६४ गुंडाळ्या सरकारी व्यापारी संस्थेमार्फत विकल्या गेल्या आणि १९६४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर सिनेगॉगमध्ये पोहोचल्या. तेथे त्यांची दुरुस्ती झाली व अनेक गुंडाळ्या जगभरच्या सिनेगॉगना वापरण्यासाठी दिल्या गेल्या, हे चांगलेच झाले. मात्र मालकाला विकण्याचा अधिकार असतो आणि मालक तेव्हा शासन होते, हे विसरता येत नाही. १९९४ साली संग्रहालय ज्यू समाजाला परत मिळाले, म्हणजे आत गेलेली संस्था बाहेर यायला ४४ वर्षे आणि एक राज्यक्रांती लागली.

लोकशाही देशांत असे होत नाही, हे समाधान अर्धेच खरे आहे. वॉर्सा येथील पोलिन हे पोलंडमधील ज्यूंच्या इतिहासाचे संग्रहालय सांस्कृतिक मंत्रालय, वॉर्सा महापालिका आणि ज्यू इतिहास संस्थेची खासगी संघटना या तिघांनी मिळून २००५ साली स्थापले. रचना आदर्श मानली गेली होती. तरीही २०१९ साली निवड प्रक्रियेत जिंकलेल्या संचालकाची नेमणूक मंत्र्यांनी अडवून धरली आणि दुसऱ्या नावावर तडजोड होईपर्यंत बरेच महिने गेले. बर्लिनचे ज्यू संग्रहालय २००१ पासून संघराज्याचे प्रतिष्ठान आहे. तेथील संचालकाने २०१९ साली, संग्रहालयाच्या खात्यावरून गेलेल्या एका ट्वीटवरून उठलेल्या वादात राजीनामा दिला.

स्मिथसोनियनलाही या वाऱ्याचा स्पर्श झालेला आहे. हिरोशिमावर बाँब टाकणाऱ्या 'इनोला गे' विमानाभोवती आखलेले प्रदर्शन १९९५ साली माजी सैनिकांच्या संघटना आणि संसद सदस्य यांच्या विरोधामुळे गुंडाळावे लागले आणि त्या संग्रहालयाच्या संचालकाला पद सोडावे लागले. मार्च २०२५ मध्ये तर राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून स्मिथसोनियनच्या प्रदर्शनांतील 'अयोग्य विचारसरणी' दूर करण्याचे काम उपराष्ट्राध्यक्षांवर, म्हणजे रीजंट मंडळाच्याच एका सदस्यावर, सोपवले. ज्या मंडळाच्या स्वायत्ततेचे मी वर कौतुक केले त्याला बाहेरून धक्का देण्याची सोय याप्रमाणे त्याच्या रचनेतच आहे.

तरीसुद्धा माझे मत विलीनीकरणाच्या सरसकट विरोधात नाही. खासगी संग्रहालयातही मोठ्या देणगीदाराला न रुचणारे दालन उभे राहताना मी पाहिलेले नाही; तेथे दडपण येते ते भोजनाच्या टेबलावरून, म्हणून त्याची बातमी होत नाही, इतकेच. फरक कलमांचा आहे. संग्रहातील वस्तू विकण्यास किंवा कायमच्या हलवण्यास समाजाच्या प्रतिनिधींची संमती लागेल का, संचालक नेमण्याचा अधिकार कोणाचा, आणि करार मोडला तर संग्रह मूळ संस्थेकडे परत फिरेल का, या तीन गोष्टी कायद्यात असतील तर जावे. त्या 'नंतर नियमांत पाहू' असे सांगितले जात असेल तर संलग्नता बरी.

पणजीच्या मध्यवस्तीतील उद्यानाला गार्सिया द ओर्ता या ज्यू वंशाच्या वैद्याचे नाव आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? गोव्यातही ज्यू इतिहासाचे संग्रहालय काढून ते केंद्र सरकारकडे सोपवावे, असे आपणास वाटते का? — एक वाचक, पणजी

कायद्याची बाजू आधी सांगतो, ती थोडक्यात आहे. आपल्या घटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्याच्या पैशावर किंवा नियंत्रणाखाली चालणारी संग्रहालये राज्यसूचीच्या १२ व्या नोंदीत येतात. केंद्राचा निधी घेणारी आणि संसदेने कायद्याने 'राष्ट्रीय महत्त्वाची' ठरवलेली संस्था केंद्रसूचीच्या ६२ व्या नोंदीत जाते. म्हणजे सालारजंगसारखा संसदेचा कायदा झाल्याखेरीज असे स्थान मिळत नाही.

आता मूळ गोष्ट. गोव्यातील ज्यू इतिहास छोटा नाही, परंतु तो वस्तूंच्या रूपाने फारच थोडा उरला आहे. १४९८ साली वास्को द गामाच्या ताफ्याला कारवारसमोरच्या, पण गोव्याच्या हद्दीतील अंजदीव बेटापाशी विजापूरकरांच्या चाकरीतील एक ज्यू भेटला. पोर्तुगीजांनी त्याला पकडून बाप्तिस्मा दिला, गास्पार द गामा हे नाव ठेवले आणि पुढे दुभाषा म्हणून वापरून घेतले. ओर्ता १५३४ साली गोव्यात आला. त्याचे आईवडील स्पेनमधून हद्दपार झालेले ज्यू, पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती झालेले. भारतीय औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. मिरी, दालचिनी, हिंग, आंबा यांविषयी तो इथल्या वैद्यांना आणि हकिमांना विचारून लिहितो, आणि युरोपातील जुन्या पंडितांचे चुकले असेल तेथे तसे स्पष्ट म्हणतो. १५६८ साली तो वारला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मद्रोहाचा तपास करणाऱ्या चर्चच्या न्यायाधिकरणाने, गोव्यात जाळले. १५८० साली ओर्ताची हाडे उकरून तीही जाळली. बागेत बसून शेंगदाणे खाणाऱ्यांना हे सांगणारा एक फलक तेथे असावा, एवढी अपेक्षा तर करता येईल.

इन्क्विझिशन १५६० साली गोव्यात आले आणि मधला चार वर्षांचा खंड सोडता १८१२ पर्यंत राहिले. त्याचे जुन्या गोव्यातील वाडे पाडले गेले, न्यायाधिकरणाची बहुतेक दप्तरे नष्ट झाली, आणि जे महत्त्वाचे उरले ते लिस्बनमध्ये आहे. त्यात १६२३ पर्यंतच्या खटल्यांची एक सूची आहे, जी न्यायाधिकरणातील जोआंव देलगादु फिगैरा याने तयार केली. ज्यांना छळले गेले त्यांची नावे छळणाऱ्यांच्या कारकुनीमुळे टिकली. गोव्यात जे आहे ते तीन दारांमागे विखुरलेले आहे. इन्क्विझिशनचे कोरीव मेज आणि उंच पाठीच्या खुर्च्या गोवा राज्य संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. पोर्तुगीज काळाची कागदपत्रे राज्याच्या पुराभिलेख खात्याकडे आहेत, ज्याची परंपरा १५९५ सालापर्यंत मागे जाते. जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठातले संग्रहालय १९६४ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे, म्हणजे केंद्राचे आहे.

या स्थितीत नवी इमारत बांधून तिच्यावर 'राष्ट्रीय' अशी पाटी लावणे म्हणजे मखर सजवून मूर्तीची वाट पाहण्यासारखे होईल. केरळने केलेले काम येथे पाहण्याजोगे आहे. चेंदमंगलम आणि परवूर येथील सिनेगॉगची मूळ वास्तूच जिवंत होती, समाज बहुतांशी इस्रायलला गेला होता, तेव्हा राज्य सरकारने वास्तू दुरुस्त करून त्यांतच संग्रहालये केली. (मट्टांचेरीच्या कडवुंभागम सिनेगॉगचा लाकडी अंतर्भाग मात्र त्याआधीच जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये पोहोचला आहे.) पोर्तुगालातही तोमार येथील पंधराव्या शतकातील सिनेगॉग साम्युएल श्वार्झ या खाण-अभियंत्याने १९२३ साली विकत घेतले आणि तेथे पोर्तुगीज-ज्यू संग्रहालय व्हावे म्हणून १९३९ साली शासनाला दिले. दोन्ही ठिकाणी आधी वास्तू होती, संस्था नंतर आली.

गोव्यात सिनेगॉगची वास्तू नाही, कारण न्यायाधिकरणाच्या काळात ज्यू म्हणून उघडपणे राहणेच शक्य नव्हते. म्हणून माझी सूचना विलीनीकरणाच्या उलट दिशेची आहे. राज्य संग्रहालय, पुराभिलेख खाते आणि पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी आपापली मालकी न सोडता एक सामाईक दालन करावे, लिस्बनमधील सूचीच्या आणि खटल्यांच्या प्रती मागवाव्यात, आणि ओर्ताच्या ग्रंथाची जुनी प्रत ठरावीक मुदतीसाठी उसनी आणावी. संग्रहालयांमध्ये उसनवारी हा रोजचा व्यवहार आहे, तिच्यात विमा, आर्द्रता आणि परतीची तारीख एवढेच काटेकोर असावे लागते.

आमची देवस्थाने मूळ जागेवरून हलवावी लागली. इन्क्विझिशनचे दालन करायचेच, तर ते ज्यूंचे कशाला, आमचे का नको? — एक वाचक, कवळे

दोन्हींचे असावे, आणि कागदपत्रेही हेच सांगतात. न्यायाधिकरण आणण्यामागे 'नव्या ख्रिस्ती' म्हणवल्या जाणाऱ्या ज्यू वंशाच्या लोकांवरचा संशय हे एक ठळक कारण होते आणि आरंभीच्या दशकांत त्यांच्यावरचे खटले गाजले. नंतरच्या काळात मात्र बहुसंख्य आरोपी हे बाटवलेले आणि तरीही जुने आचार पाळणारे स्थानिक लोक होते. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला तो काळ आणि न्यायाधिकरणाचा आरंभ हे लागूनच आहेत, जरी देवळे पाडण्याचे हुकूम नागरी सत्तेचे होते आणि न्यायाधिकरणाचे काम वेगळे होते. दालनात हा भेद स्पष्ट दिसला पाहिजे. एका समाजाचे दुःख मांडल्याने दुसऱ्याचे कमी होते, असा हिशेब पत्रातून डोकावतो, तो मला पटत नाही. एकाच न्यायासनापुढे उभ्या राहिलेल्यांना वेगवेगळ्या इमारतींत बसवले तर त्या न्यायासनाची कार्यपद्धती प्रेक्षकाला कळणारच नाही.

सरकारी पैशातून एका धर्माचे दालन कसे, असेही आपण विचारले आहे. घटनेचे २७ वे कलम विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर आकारण्यास मनाई करते, इतिहास दाखवण्यास करत नाही. २९ वे कलम तर आपली संस्कृती जतन करण्याचा हक्क देते.

आमच्या घरी मराठीत हाताने लिहिलेली एक जुनी कीर्तनाची वही आहे. मुंबईत वडिलांच्या शेजारी राहणाऱ्या बेने इस्रायली कुटुंबाने इस्रायलला जाताना ती त्यांच्याकडे ठेवायला दिली होती. आख्यान योसेफाचे आहे, साक्या आणि दिंड्या आहेत. ती कोणत्या संग्रहालयाला द्यावी? — गृहिणी, वास्को

या महिन्यातील हे सर्वांत मोलाचे पत्र. बेने इस्रायल या ज्यू समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या पवित्र ग्रंथांतील कथांवर मराठी कीर्तने रचली आणि कोकणातून आलेल्या या समाजात ती आवडीने ऐकली गेली. छापील पुस्तिका काही ठिकाणी आढळतात, हस्तलिखित वही दुर्मीळ.

देण्याआधी एक गोष्ट तपासावी. 'ठेवायला दिली' आणि 'दिली' यांत कायद्याच्या दृष्टीने अंतर आहे. त्या कुटुंबाचा ठावठिकाणा लागत असेल तर प्रथम त्यांना कळवावे, वहीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र पाठवावे आणि त्यांची इच्छा लेखी घ्यावी. ते परत मागतील, तर लक्षात असू द्या की ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मूल्य असलेले ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे टपालात टाकण्यापूर्वी पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारणे आवश्यक आहे.

त्यांनी संमती दिली, तर महाराष्ट्रातील एखाद्या मराठी हस्तलिखितांच्या संग्रहाला ती देणे मला अधिक योग्य वाटते, कारण तेथे शेजारी तुलनेसाठी अशाच वह्या असतील. दानपत्रात वही कोणाकडून आणि कशी आली हे सविस्तर लिहावे, संस्थेला ती पुढे विकता येणार नाही असे कलम घालून घ्यावे, आणि त्या कुटुंबातील कोणी पाहायला आले तर दाखवावी लागेल, हेही. शक्य असेल तर आधी पाच वर्षांच्या कर्जाऊ करारावर देऊन पाहावे.

तोवर वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात आतली ओल आतच राहून पानांना बुरशी धरते. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये, आणि डांबराच्या गोळ्या पानांमध्ये सरकवू नयेत. खळ पूर्ण निघेपर्यंत धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून ती आडवी ठेवावी, कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, आणि पानांवर क्रमांक घालायचे असतील तर मऊ शिसपेन्सिलीने कोपऱ्यात घालावेत.